पंचवीस मिली

घनफळाला उर्दूत 'हजम' म्हणतात. पचवण्यालाही हजमच. उर्दूत दोन्हींची अक्षरं वेगळी, उच्चारातही 'ज'चा थोडा फरक, पण बोलण्यात कानाला जवळजवळ एकच शब्द. त्यामुळे हा धडा आला की वर्गात कुणीतरी विनोद करतोच. इतकी वर्षं मीही हसायचो.

माझं घर शिरूरचं, नोकरी दौंडला. लहानपणी शिरूरच्या बाजारात दादी धान्य घ्यायची तेव्हा दुकानदाराशी तिची हुज्जत ठरलेली: पायली सपाट भरायची की शिगेची? दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे मला तिच्याकडूनच पाठ झालं. शीग म्हणजे शंकू आणि खालचं माप म्हणजे वृत्तचिती, हे कळायला बी.एड. उलटून पुढे बरीच वर्षं गेली.

म्हणून मी हा धडा सूत्रापासून सुरू करत नाही. आधी भांडी मांडतो. उंच पेला आणि बसका वाडगा समोर ठेवून विचारतो, जास्त कशात मावेल? बहुतेक मुलं पेल्याकडे बोट दाखवतात. मग पाणी ओतून बघायचं. उंची दुप्पट केली तर घनफळ दुप्पट होतं, त्रिज्या दुप्पट केली तर चौपट, हे तेव्हा पटतं. त्याच तळाचा आणि त्याच उंचीचा पुठ्ठ्याचा शंकू तीनदा वाळूनं भरून ओतला की वृत्तचिती भरते. फळ्यावर मखरूत आणि शंकू, उस्तवाना आणि वृत्तचिती, असे दोन्ही शब्द लिहितो. पुढे मुलांना दोन्ही लागतात.

यंदा सांगितलं, घरून एकेक भांडं आणा. एका मुलीनं दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं माप आणलं. तिचे वडील घरोघर दूध घालतात. मुलांनी पट्टीनं मोजलं: व्यास ८ सेमी, उंची १० सेमी. ३.१४ गुणिले १६ गुणिले १०, म्हणजे साधारण ५०२ घनसेंमी. अगदी बरोबर. मग पाण्यानं भरून ते प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतलं. भरलं ४७५ मिली.

"सर, फॉर्म्युला चुकला?"

सूत्र बरोबर होतं. मापाच्या तळाला आतून पोचा आला होता. मी उत्साहात फळ्यावर लिहिलं: २५ मिली कमी, म्हणजे चाळीस मापांमागे पुरता एक लिटर. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पंचवीस मिली हजम!"

वर्ग हसला. सवयीनं मीही हसलो. मुलगी माप दप्तरात घालत होती.

कुरआनात एका सूरहचं नावच मापात मारणाऱ्यांवरून आहे. आमच्या मुलांना ते माहीत असतं. तो विनोद तिला कुठे लागला असेल, हे मला घरी जाताना न्हावऱ्याच्या पुढे एसटीत उमगलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मी भांडण ऐकायच्या तयारीत होतो.

"सर, माप माझ्या अब्बांचं होतं," ते म्हणाले. "पोचा दिसत होता, पण मोजून कधी पाहिलं नाही. आता शिक्क्याचं नवं घेतलं. गिऱ्हाइकांना महिनाभर वर थोडं जास्त घालतोय. मापाचं झालं. पोरगी मात्र शाळेत यायला नको म्हणतेय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची माफी मागितली आणि तिला एक दिवस तरी पाठवा म्हणालो.

ती आली त्या दिवशी मी दादीचा पितळी शेर आणि दोन मापटी घेऊन गेलो. वर्गाला सांगितलं, आज माझ्या घरची मापं मोजायची. दोन्ही मापटी काठोकाठ भरून शेरात ओतली, तरी शेर दोन बोटं रिकामा राहिला. वर्ग गप्प. मग म्हणालो, "झिजलेलं माप म्हणजे चोर नाही. पण कमी भरतंय हे कळल्यावरही त्यानंच मोजत राहिलो, तर मग चोर. परवा मी हसलो, ते चुकलं."

कुणी काही बोललं नाही. ती मुलगी उठली आणि शेरातलं पाणी मोजपात्रात ओतू लागली. आकडा वाचायला खाली वाकली, डोळे पाण्याच्या पातळीला आणले. तसंच वाचायचं असतं.

आता घरून भांडी आणायला सांगतो, तेव्हा पहिलं भांडं माझं मोजतो.