आंखूड दांडा

घाई हा माझा जुना दुर्गुण आहे. विद्यार्थ्याचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच मी उत्तर देऊं लागतों. या दुर्गुणाचें यांत्रिक रूप मला गेल्या उन्हाळ्यांत जर्मनींत, स्टुटगार्टला, पाहावयास मिळालें.

तेथें नोकरीस असलेला माझा पुतण्या १९७८ सालची पोर्शे ९११ विकत घेण्याच्या बेतांत होता. गाडी कारखान्यांतून आली तशीच आहे, असें विकणारा शपथेवर सांगत होता. पुतण्यानें गियर बदलून पाहिले आणि तो म्हणाला, "काका, हा दांडा फार लवकर पोंचतो."

मला त्यांत तक्रारीजोगें कांहींच दिसेना. पण त्यानें टेप काढून पहिल्या गियरपासून दुसऱ्यापर्यंत मुठीचा प्रवास मोजला. एका मित्राची त्याच सालची गाडी त्यानें आदल्या दिवशीं मोजून ठेविली होती. त्या मानानें हा प्रवास बराच कमी भरला. "दांडा नुसता वरून कापला तरीहि प्रवास घटतो," असें म्हणून त्यानें बुडाशीं असलेलें कातडी आवरण वर केलें. दांडा एका गोळ्यावर डुलतो; त्या गोळ्याखालचा भाग मूळच्यापेक्षां लांब होता. निदान झालें. कोणींतरी 'शॉर्ट शिफ्ट किट' बसविलें होतें.

तरफेचा नियम आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेला असतो. खालची भुजा वाढविली कीं हाताला कमी हलावें लागतें, पण जोर अधिक लावावा लागतो. अंतरांत वांचविलेलें बळांत भरावें लागतें. शिवाय दांतेरी चक्रें जुळण्यापूर्वीं त्यांचे वेग घर्षणानें समान करणारें एक कडें गियरपेटींत असतें. त्याला क्षणभर अवधि लागतो. दांड्याचा प्रवास आंखूड झाला म्हणून तो अवधि कमी होत नाहीं. चालकाचा हात मात्र घाई करूं लागतो, आणि तें कडें झिजतें.

"मूळचा दांडा पुन्हां बसवितां येईल," पुतण्या म्हणाला, "पण कडें किती झिजलें, तें दांड्याकडे पाहून कळत नाहीं. त्यासाठीं पेटीच उघडावी लागेल."

माझ्या वडिलांनीं मला स्टिअरिंगजवळ दांडा असलेल्या जुन्या फियाटवर गाडी शिकविली. दोन गियरांच्या मध्यें, न्यूट्रलवर, ते माझा हात क्षणभर थांबवावयास लावीत. पुढें उतारवयांत ते एखादी हकीगत सांगूं लागले, कीं मीं किती वेळां "मुद्द्यावर या" म्हटलें असेल! हळूहळू त्यांनीं हकीगती सांगणेंच सोडून दिलें. घरांत खडखडाट कसलाच झाला नाहीं, म्हणून मला तें कळलेंहि नाहीं.

त्या संध्याकाळीं पुतण्या गियरपेटीविषयीं तासभर बोलत होता. मीं त्याला एकदांहि मध्यें तोडलें नाहीं.