तीन नंबरवरचा पंखा

सदाशिव पेठेतल्या या अभ्यासिकेत सगळ्यात जुना तोच. किती बॅचेस आल्या नि गेल्या. कुणी तहसीलदार झालं, कुणी वयोमर्यादा संपल्यावर गावी परतलं. छताचा पंखा मात्र जागेवर आहे. 48 इंची, तीन पात्यांचा, मूळचा पांढरा. आता पात्यांच्या कडांना काळपट धुळीची किनार. अभ्यासिका रात्रंदिवस उघडी, त्यामुळे त्याला झोप अशी नाहीच.

वाऱ्यासाठी तो लागतो हे खरं, पण तेवढ्यासाठीच नव्हे. जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे 10 अंशांच्या आसपास उतरतो, पोरं स्वेटर आणि कानटोपी घालून बसतात, आणि तरी पंखा चालूच. नवा आलेला एखादा थंडीने उठून रेग्युलेटर फिरवतो, तेव्हा मागच्या रांगेतून हलकेच आवाज येतो, "भाऊ, राहू दे ना, तीनवर राहू दे." पाचवर पानं उडतात, एकवर त्याचा आवाज उरत नाही. तीनवर तो बरोबर लागतो.

त्याने काय काय अंगावर घेतलंय ते कळतं गुरुवारी. महावितरणची दुरुस्तीची कामं पुण्यात बहुतेक गुरुवारीच निघतात. लाईट जाते, इन्व्हर्टरवर फक्त दिवे राहतात, पाती मंदावत थांबतात. आणि एकदम सगळं ऐकू यायला लागतं: सॅकची चेन, बाटलीचं झाकण, खालच्या टपरीवरचा चहाच्या ग्लासांचा खडखडाट, दोन टेबलांपलीकडे कुणीतरी पुटपुटत पाठ करत असलेली कलमं. मान खाली घालून बसलेली पोरं एकेक करून डोकी वर काढतात. खोलीत आवाज वाढलेला नसतो, उलट कमीच झालेला असतो. पण आपला कान बदलावर टपलेला असतो. एकसारखा आवाज तो थोड्या वेळाने सोडून देतो; शांततेत मधूनच आलेला आवाज, त्यातही बोलणं, त्याला सोडवत नाही. शब्द कानावर पडला की मन त्याचा अर्थ लावायला धावतं, हातातला परिच्छेद तिथेच राहतो. पंख्याची घरघर नेमकी ही कुजबुज बुडवते. हवा कापताना उठणाऱ्या त्या आवाजात बारीक-जाड सगळे स्वर मिसळलेले असतात आणि त्यात सांगण्यासारखं काहीच नसतं. माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोठा गुण.

कधी आजारीही पडतो. कंडेन्सर कमजोर झाला तर नुसता मंदावतो, ते चालतं. पण बेअरिंग सुकलं की कट्... कट्... सुरू होतं आणि अख्खी खोली नकळत ते मोजायला लागते. त्या दिवशी अभ्यास होत नाही. अभ्यासिकेच्या चांगल्या चालकाने अशा वेळी खुर्च्यांच्या गाद्या नंतर बघाव्यात, आधी वायरमनला बोलवावं.

वेळ मोजायचं काम मात्र पंख्याकडे नाही. ते टेबलावरच्या छोट्या टायमरकडे, नाहीतर व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाईलकडे. 25 मिनिटं वाचायचं, 5 मिनिटं थांबायचं. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस बसवली, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून. आपली जुनी घटकाही जवळपास एवढीच, 24 मिनिटांची: तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नाचे मुहूर्तही तिच्यावर साधले जात. एका बैठकीला एवढा वेळ पुरेसा आहे, हे मला पटतं. दुपारच्या जेवणानंतर, डबा खाऊन डोळे जड झालेले असताना, "दोन तास बसायचंय" या विचारानेच जे पुस्तक उघडत नाही ते "एवढी 25 मिनिटं" म्हटल्यावर उघडतं.

पण परीक्षा जवळ आली की तुकडे मोठे करायला हवेत. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचे दोन पेपर असतात आणि प्रत्येक पेपर 2 तासांचा. तिथे पंचविसाव्या मिनिटाला उठता येत नाही. जुनी मुलं शेवटच्या महिन्यात चहाला दोन तासांनीच उतरतात, ते उगीच नाही.

आवाजाचंही तसंच. हल्ली बरीच मुलं कानात इअरफोन घालून पावसाचा किंवा नदीचा आवाज लावतात. मन लागत असेल तर जरूर लावावा. फक्त परीक्षेच्या वर्गात तो पाऊस नेता येत नाही. इअरफोन दारातच काढून ठेवावे लागतात. तिथे डोक्यावर असतो तो शाळेचा पंखा, बहुधा याच्याइतकाच जुना. त्याच्याखाली बसायची सवय आधीपासून असलेली बरी.

शेजारच्या हॉलमध्ये आता रिमोटवरचे नवे पंखे बसवलेत. वीज निम्म्याहून कमी खातात आणि आवाजही बराच कमी करतात. बिल भरणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम. पण तिथल्या दोन मुलींनी आठवड्याभरातच इकडे जागा मागितली. म्हणाल्या, "दादा, तिकडे शेजारणीचं पान उलटलेलंही ऐकू येतं. या पंख्याखाली काही रिकामं आहे का?"