घरी की इस्पितळात?

मनोरुग्णास घरी सांभाळावे की इस्पितळात ठेवावे, हा विषय निघाला की आमच्या ग्वाल्हेरकर मराठी घरांतून एकच उत्तर येते: घरी. इस्पितळाची धास्ती निराधार नव्हती. येथील मानसिक आरोग्यशाळा १९३५ सालची, संस्थानी अमदानीतली. तिच्यावर आणि आग्रा व रांची येथील अशाच संस्थांवर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयास १९९७ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले. यावरून काय ते समजावे.

परंतु 'घरी' म्हणजे कोणाकडे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या धाकट्या काकांना स्किझोफ्रेनिया होता. लष्कर भागातील वाड्याच्या मागल्या खोलीत ते बत्तीस वर्षे राहिले. 'आम्ही त्यांना घरी सांभाळले', असे सारे कुटुंब अभिमानाने सांगे. वस्तुतः सांभाळले ते एकट्या काकूंनी. गोळी गिळली की गालात दडविली ते पाहणे, रात्रभर त्यांच्या येरझारा ऐकत जागणे, अन्नात विष आहे म्हणून त्यांनी ताट सारले की आधी स्वतः घास खाऊन दाखविणे, हे सारे त्यांचेच. माहेरच्या लग्नांनाही त्या जात नसत. पुरुषमंडळी औषध आणून देत, एवढेच.

म्हणून अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांचे आम्हांस कौतुक वाटते. १९५० च्या दशकात त्यांनी तेथील मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत राहू दिले. आजार काय आहे हे ते त्यांना समजावून सांगत. मग रुग्ण आपल्या माणसांबरोबर घरी परते. काकूंना असे कोणी काही सांगितले नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की, केवळ घरचे स्वीकारीत नाहीत म्हणून कोणास रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. हाफवे होम, घरी येऊन दिली जाणारी सेवा, यांची तरतूद सरकारने करावी असेही त्यात आहे. शासकीय सेवेत हयात गेल्यामुळे कलम आणि अंमल यांतील अंतर आम्ही जाणतो. तोवर वाडे पडले, मुले पुण्या-बंगळुरास गेली, आणि रुग्णाजवळ उरली ती सत्तरीची आई.

आमच्या परिचयातील अशा दोन घरांनी एकमेकांच्या रुग्णाजवळ आठवड्यातून एक दुपार बसण्याचे ठरविले आहे. पहिल्या मोकळ्या दुपारी एक बाई बँकेत जाऊन आल्या. दुसऱ्या नुसत्या झोपल्या.