खिडकीच्या जाळीआडून

युद्धाची चित्रे बहुधा दुरून घेतलेली असतात. विमानातून दिसणारे शहर, सैनिकाच्या खांद्यामागून दिसणारा रस्ता, हॉटेलच्या गच्चीवरून टिपलेले धुराचे लोट, अशीच ती असतात. त्यांत गावातली माणसे नसतात असे नाही. पण ती चौकटीत येतात ती रडण्यापुरती. एखादी म्हातारी हंबरडा फोडते, तिचे चार शब्द कोणी दुभाषी सांगतो, आणि पुढची बातमी सुरू होते. त्या सकाळी तिच्या चुलीवर काय शिजत होते, शेजारीण तिच्याशी बोलेनाशी का झाली, अंगणातले झाड तिने कधी लावले, हे आपणांस कळत नाही. कॅमेरा तिच्याकडे तोंड करून उभा असतो; तिच्या शेजारी उभा राहून ती पाहते ते तो पाहत नाही.

तोच कॅमेरा तिच्या हाती दिला तर काय होईल? विद्यार्थिमित्रहो, ही केवळ कल्पना नव्हे. गेल्या तीन-चार दशकांत निरनिराळ्या देशांत हे घडून आले आहे, आणि त्यातून जे निघाले ते देणाऱ्यांच्या अपेक्षेहून वेगळे होते. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला त्याचे फार कुतूहल वाटत आले आहे. कारण साधने कोणाच्या हातची, हा आमच्या विषयातला पहिलाच प्रश्न होय.

१९९१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी पोलीस एका कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारीत असता समोरच्या घरातील एका रहिवाशाने आपल्या सज्जातून ते चित्रित केले. त्या काही मिनिटांच्या चित्रफितीने साऱ्या जगात खळबळ उडविली. पुढल्याच वर्षी पीटर गॅब्रिएल या इंग्रज गायकाच्या पुढाकाराने ‘विटनेस’, म्हणजे साक्षीदार, नावाची संस्था निघाली. जेथे अन्याय होतो तेथील माणसांना कॅमेरे द्यावेत, हा तिचा मूळ संकल्प. परंतु नुसते कॅमेरे वाटून भागत नाही, हे लवकरच दिसून आले. काय टिपावे, कसे जपावे आणि मुख्य म्हणजे कोणाला दाखवावे, हे ठरलेले नसेल तर चित्रफितींचे ढीग साचतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

हे सर्वांत पद्धतशीरपणे केले ते बेत्सेलेम या इस्रायली संस्थेने. ती १९८९ साली स्थापन झाली. ईश्वराने मनुष्य आपल्या ‘प्रतिमेत’ घडविला, असे हिब्रू बायबलात म्हटले आहे. संस्थेचे नाव त्याच शब्दावरून आले. पुढे चित्रांचेच काम करावयाचे होते म्हणून नाव असे ठेवले असेल असे वाटते, पण तो निव्वळ योगायोग! जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे एखाद्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याने मारहाणीची तक्रार केली की समोरचा साफ नाकबूल करी, आणि शब्दाविरुद्ध शब्द एवढ्यावर प्रकरण संपे. म्हणून २००७ च्या जानेवारीत संस्थेने तेथील कुटुंबांना लहान व्हिडिओ कॅमेरे देण्यास प्रारंभ केला.

त्या सुमाराची हेब्रॉन शहरातील एक चित्रफीत फार गाजली. इस्रायली वसाहतीला लागून असलेले एका पॅलेस्टिनी कुटुंबाचे घर. दगड येतात म्हणून त्याला लोखंडी जाळ्या ठोकलेल्या. घर कसले, पिंजराच तो. वसाहतीतील एक बाई त्या जाळीला तोंड लावून आतल्या बायकांना पुनःपुन्हा एकच अभद्र शिवी देते, हलक्या आवाजात, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. आणि त्या घरातील एक मुलगी आतून ते टिपते. एवढेच. गोळी नाही, रक्त नाही. तथापि इस्रायलच्या दूरचित्रवाणीवर ती दिसली तेव्हा तेथील हजारो सज्जन माणसे शरमली. बातमीदाराला हे चित्र कधीच मिळाले नसते. तो आला असता तर ती बाई अशी बोलली नसती. आणि बोलली असती तरी त्याने ते जाळीच्या बाहेरून टिपले असते. आतून पाहताना जाळीची नक्षी त्या बाईच्या चेहऱ्यावर पडते. माझ्या मते त्या चित्राचे सारे बळ तेवढ्यातच आहे.

२००८ च्या जुलैत नीलीन गावातील एका तरुण मुलीने आपल्या घराच्या खिडकीतून आणखी एक दृश्य टिपले. डोळ्यांवर पट्टी आणि हात बांधलेले अशा स्थितीत उभ्या असलेल्या एका माणसाच्या पायावर सैनिकाने अगदी जवळून रबरी आवरणाची गोळी झाडली; अधिकारी त्या माणसाचा दंड धरून उभा होता. प्रथम किरकोळ आरोप ठेवण्यात आले. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे नाहीत असे बजावले, आणि २०१० साली लष्करी न्यायालयात दोघेही दोषी ठरले. तुरुंग मात्र कोणालाही घडला नाही.

पुढे २०१६ च्या मार्चमध्ये हेब्रॉनमध्येच, सुरीहल्ला केल्यानंतर गोळी लागून निपचित पडलेल्या एका पॅलेस्टिनी तरुणाच्या डोक्यात एका सैनिकाने गोळी घातली. तेही एका रहिवाशाने टिपले. तो व्यवसायाने पादत्राणे बनविणारा. सैनिकाला मनुष्यवधाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती चौदावर आली, आणि नऊ महिन्यांनी तो सुटला. कॅमेरेवाल्याला ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. त्याच वर्षी बेत्सेलेमने जाहीर केले की, यापुढे आपण लष्करी तपास यंत्रणेकडे तक्रारी नेणार नाही. त्या यंत्रणेत सत्यावर पांघरूण घातले जाते. कॅमेरे मात्र तिने परत मागितले नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग मोजावा कसा, हे मला सांगता यावयाचे नाही. परंतु एक भेद मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. वर सांगितलेली सारी चित्रे ही साक्ष आहे, गोष्ट नव्हे. न्यायालयात साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे लागते. ‘गोळी कोणी झाडली?’ एवढे विचारतात. ‘तुम्ही त्या वेळी खिडकीशी का उभ्या होता?’ हे विचारलेच तर उलटतपासणीत. दिलेला कॅमेरा देणाऱ्याचा प्रश्न बरोबर घेऊन येतो.

इराकचे उदाहरण घ्या. २००४ साली काही अमेरिकन चित्रपटकारांनी सुमारे दीडशे लहान कॅमेरे इराकभर वाटले. ते हातोहात फिरले. लग्ने, बाजार, शाळा, दफनविधी, सारे त्यांत उतरले. शेकडो तासांच्या त्या चित्रणातून जेमतेम दीड तासाचा एक चित्रपट अमेरिकेत कापून तयार करण्यात आला आणि तेथील अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर प्रदर्शित झाला. काहींना तो प्रामाणिक वाटला. काहींनी म्हटले, युद्ध बरे झाले असे दाखविण्यासाठी निवडून-निवडून घेतलेले हे तुकडे आहेत. खरे काय ते असो. पण कॅमेरे दीडशे होते आणि कात्री एकच होती, आणि ती इराकी माणसाच्या हाती नव्हती, यात वाद नाही.

येथे मला माझ्या आजीची आठवण होते. १९४८ साली ती मराठवाड्यातील एका खेड्यात नुकतीच सासरी आलेली होती. हैदराबाद संस्थानाचे ते अखेरचे वर्ष. त्या धामधुमीच्या गोष्टी ती आम्हां नातवंडांना सांगे. सशस्त्र टोळी येणार अशी हूल उठली की बायका रात्री ज्वारीच्या पिकात जाऊन बसत. तान्ह्या मुलांच्या तोंडावर पदर दाबून धरीत. माझ्या पणजीने तांब्याची घागर गोठ्यात पुरली, आणि पुढे ती जागा कोणालाच सापडेना! हे आम्ही इतक्यांदा ऐकले होते की पुढचे वाक्य आम्हीच म्हणत असू. परंतु त्या गोष्टीचा एक दुसरा भाग होता, आणि तो तिने मला ऐंशी वर्षांची झाल्यावर सांगितला. सप्टेंबरात भारतीय सैन्य आले, संस्थान विलीन झाले, गावात गुलाल उधळला गेला. आणि त्यानंतर आठवड्याभरात पलीकडच्या गल्लीतील विणकराचे घर ओस पडले. त्या घरातील सून आजीच्याच वयाची होती. दोघी एकाच आडावर पाणी भरीत. ‘मागावर अर्धं लुगडं तसंच होतं रे,’ एवढे बोलून ती थांबली.

त्या काळच्या घटनांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. पोलीस कारवाईनंतर मारल्या गेलेल्या निरपराध मुसलमानांचा हिशेब तिने सरकारला सादर केला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. मारल्या गेलेल्या हिंदूंच्या कथा गावोगावच्या स्मारकांवर आहेत, आणि त्या असावयासच हव्यात. पण आजीच्या हाती त्या वर्षी कॅमेरा असता तर तिने काय टिपले असते? माझी खात्री आहे, ज्वारीचे शेत आणि तो अर्धा माग, दोन्ही एकाच फितीवर आले असते. मग ती फीत कापावयास कोणी बसला असता तर त्याने आपल्या सोयीचा एक भाग ठेवून दुसरा टाकला असता. आजीने स्वतः साठ वर्षे एकच भाग सांगितला, हे खरे. पण दुसरा तिने टाकून दिलेला नव्हता. तो तिच्यापाशी होता.

म्हणूनच बिलीन गावच्या इमाद बुर्नात या शेतकऱ्याची हकीकत मला वेगळी वाटते. २००५ साली त्याला चौथा मुलगा झाला, आणि बाळाची चित्रे घ्यावीत म्हणून त्याने कॅमेरा आणला. तो कोणी दिलेला नव्हता, कोणाचा प्रश्नही त्याच्याबरोबर आला नव्हता. त्याच सुमारास गावाच्या शेतजमिनीतून इस्रायली विभाजक कुंपण जाऊ लागले आणि गावकऱ्यांची निदर्शने सुरू झाली. बाळ रांगते, बाळ चालते, मध्येच अश्रुधूर, मध्येच तोडलेली ऑलिव्हची झाडे; हे सारे एकापाठोपाठ एक चित्रित होत गेले. पाच वर्षांत एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. त्यांपैकी एकात तर गोळी येऊन रुतली आणि धरणारा वाचला. गावातील एका उमद्या तरुणाला सारे ‘फील’, म्हणजे हत्ती, म्हणत. मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळत. २००९ च्या एप्रिलमध्ये अश्रुधुराचे नळकांडे छातीवर बसून तो मेला. आपण तोवर त्याला तासभर हसताना पाहिलेले असते, म्हणून तो मृत्यू आपल्याला आकड्यासारखा वाटत नाही. ‘पाच फुटके कॅमेरे’ अशा अर्थाच्या नावाचा हा चित्रपट २०११ साली पुरा झाला. त्याचा सहदिग्दर्शक इस्रायली होता. यावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोल लावण्यात आले, परंतु मला त्यात काही गैर वाटत नाही. दोघे एका मेजाशी बसून कापीत होते, आणि कथा सांगणारा आवाज बुर्नातचाच राहिला.

आता कॅमेरे वाटण्याची गरजच उरलेली नाही. ज्याच्या त्याच्या खिशात तो आहे. सीरियातील २०११ नंतरच्या युद्धात सामान्य नागरिकांनी इतके चित्रण केले की ते पाहून संपावयाचे नाही. आज अडचण आहे ती ते जपण्याची आणि पारखण्याची. २०१७ साली यूट्यूबने आक्षेपार्ह चित्रे शोधण्यासाठी यंत्र बसविले, आणि त्या यंत्राने अत्याचार करणाऱ्यांच्या फुशारकीबरोबर अत्याचाराचा पुरावाही मोठ्या प्रमाणात पुसून टाकला. बर्लिन येथे काही मंडळी ‘सीरियन आर्काइव्ह’ नावाने हे काम करतात. चित्रातील मिनाराची उंची, डोंगराची रेघ, भिंतीवरील सावलीची लांबी ही उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून कोणती फीत कोठली, कोणत्या वेळची, हे ती निश्चित करतात. आमच्या शिलालेखवाचनासारखाच हा उद्योग आहे.

अलेप्पो शहरातील वअद अल-कातेब ही अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. तिने प्रथम हातातल्या फोनवर निदर्शने टिपली. शहराला वेढा पडला तेव्हा ती, तिचा डॉक्टर पती आणि २०१६ च्या जानेवारीत जन्मलेली त्यांची मुलगी रुग्णालयातच राहत होती. समा हे मुलीचे नाव. अरबीत त्याचा अर्थ आकाश. ज्या शहरावर आकाशातून बाँब पडत होते तेथे आईबापांनी हे नाव ठेविले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांना शहर सोडावे लागले. त्या शेकडो तासांच्या चित्रणातून २०१९ साली जो चित्रपट निघाला तो मुलीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. त्यात जे पाहवत नाही असे पुष्कळ आहे. वर्गात दाखविण्याचे मला धाडस होणार नाही. पण एक प्रसंग सांगतो. रस्त्याकडेला जळून गेलेल्या एका बसचा सांगाडा उभा आहे. मोहल्ल्यातील मुले रंगाचे डबे आणि कुंचले घेऊन येतात आणि तो सांगाडा रंगवू लागतात. हातांना, कपड्यांना रंग लागतो, तरी कोणी त्यांना हटकीत नाही.