बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

गेल्या हिवाळ्यात रजा काढून आम्ही पेनसिल्व्हेनियात चिरंजीवांच्या घरी राहिलो होतो. वाचनासाठी आम्हांस तळघर मिळाले. दुपारी नात गोष्ट ऐकावयास खाली येई आणि आमच्या मांडीवरच झोपे. एके दिवशी चिरंजीवांनी कोळसा भरलेली एक डबी आमच्या मेजावर ठेवली आणि चार दिवस खिडक्या उघडू नका, असे बजावले. हवेत रेडॉन किती, हे त्यांस मोजावयाचे होते.

आम्ही हसलो. स्वतःच्याच घराची झडती कसली घेता, असे बोलूनही गेलो. चिरंजीवांनी वाद घातला नाही. त्याच प्रांतातील एक हकीकत तेवढी सांगितली. १९८४ साली लिमरिक येथील अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते कामावर येताच किरणोत्सर्ग तपासणारे यंत्र ओरडू लागले. शोधाअंती कळले, की दोष केंद्राचा नव्हे, त्यांच्या राहत्या घराचा होता!

जमिनीतील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू उपजतो. त्यास रंग नाही, वास नाही. सुमारे चार दिवसांत तो निम्मा होतो. पण मातीतून नवा येतच असतो. थंडीत घरातील ऊन हवा वर चढते आणि फरशीच्या फटींतून जमिनीतील हवा आत ओढली जाते. त्याच्यापासून होणारे कण श्वासावाटे फुप्फुसात ठाण मांडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत तंबाखूनंतर त्याची गणना होते.

प्रयोगशाळेचे उत्तर आले: लिटरमागे ६ पिकोक्युरी. तेथील सरकार ४ वर उपाय करावयास सांगते. आकडा फार मोठा नव्हता. पण तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मांडीवर झोपलेली नात आली, आणि थंडीच्या भयाने आम्हीच लावून घेतलेल्या खिडक्या आल्या. आठवडाभरात फरशीखालून छपरापर्यंत नळी गेली, तीस पंखा लागला. पुन्हा मोजता आकडा दीडावर उतरला.

पुण्यास परतल्यावर आम्ही आमच्या तळमजल्यावरील अभ्यासिकेकडे बराच वेळ पाहत राहिलो. तिच्या दारांच्या फटींस आम्ही जन्मभर नावे ठेवली. हवा खेळती ठेवण्याचे त्यांचे काम कधी ध्यानात आले नाही. परंतु फटींच्या भरवशावर तरी किती राहावे? प्लॅस्टिकच्या चकतीवर किरणांचे ओरखडे उमटवून घेणारी, तीन महिने ठेवावयाची डबीही मिळते म्हणे. तशी एक पाठवा, असे चिरंजीवांस लिहिले आहे. आमच्या त्या हसण्याविषयी मात्र पत्रात अवाक्षर नाही.