रामघाटावर परीक्षेची गोष्ट

उज्जैनला क्षिप्रेची आरती झाली, तरी आमचं बोलणं वॉर्डाचंच. डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवासी डॉक्टरांना शिकता शिकताच एफएटी (फॉर्मेटिव्ह असेसमेंट टेस्ट) द्यावी लागते: लेखी पेपर, रुग्ण तपासताना परीक्षण आणि शिक्षकांशी चर्चा. खरं मोल त्या चर्चेचं. तीच घाईत उरकते. स्वतःला जोखायची परीक्षा म्हणे, आणि जो तो आधी शेजाऱ्याचे गुण विचारतो! अमेरिकेत सर्जरीचे निवासी दर जानेवारीत असाच पेपर देतात. धाकधूक तिथेही असणारच. मला विचाराल तर डोस पेपरात चुकलेला बरा, रात्री अडीचला खाटेपाशी नको. २०२८च्या सिंहस्थात, ऐन उन्हाळ्यात, इथे तंबूत उष्माघात ओळखताना अ-ब-क-ड पर्याय नसतील. तिथल्या ड्युट्या निवासींना लागतील का, सरांना विचारायला हवं.