बाई, देवमाशाला कोणी मारलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, आठवतंय ना? लोकांनी खटपट करून ते खोल पाण्यात सोडलं, तरी पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि मेलं. आमच्या द्वारकेच्या मुलांना समुद्र फक्त सहलीपुरता माहीत, पण वर्गात लगेच प्रश्न आला, "बाई, कोणी मारलं?" मी बोलून गेले, "प्लास्टिकने." तुम्हीही हेच म्हणाला असतात!

घरी वाचलं आणि चुटपुट लागली. दूधपितं पिल्लू आईपासून चुकलं की उपाशी राहतं, अशक्त होतं, लाटांबरोबर वाहत येतं. वाळूवर पाण्याचा आधार नाही, मग स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात. कोणी मारलेलंच असतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी "काल बाई चुकल्या" म्हणून सगळं सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग त्याची आई अजून शोधत असेल?"